मीठ कुणी घातलं?

सरबताचा रंग बदलला तेव्हा मामांनी अर्धा ग्लास संपवला होता.

आधी ते लाल होतं, कोकमासारखं. मग ग्लासातच जांभळं झालं आणि बघता बघता निळं पडलं, दौतीत पाणी ओतल्यासारखं. मामा नवऱ्या मुलाचे. भाच्यासाठी मुलगी बघायला आमच्या घरी आले होते. त्यांनी ग्लास डोळ्यांपुढं धरला, आमच्या मालकांकडं बघितलं आणि विचारलं, "पावणं, हे कसलं सरबत म्हणायचं?"

"कोकम की," मालक म्हणाले.

"कोकम निळं असतंय व्हय तुमच्यात?"

तेवढ्यात मॅडम जिन्यावरून खाली आल्या. बघायला आले होते ते त्यांनाच. निऱ्या एका हातात, पिना तोंडात. त्यांनी मामांच्या हातातला ग्लास बघितला, टेबलावरचा जग बघितला, जगाशेजारी चुरगळून पडलेला चांदीचा कागद बघितला. तोंडातल्या पिना काढल्या. समोर एक म्हातारा माणूस प्रयोगशाळेतलं पाणी पिऊन बसलेला, आणि या बाईच्या तोंडून पहिला शब्द काय निघाला?

"मीठ कुणी घातलं?"

मॅडम कशा होत्या असं मला कोणी विचारलं तर मी एवढंच सांगते. ज्यांना पुरत नाही त्यांच्यासाठी पुढचं.

सुनंदा मॅडम आमच्या वरच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायच्या. मूळच्या गडहिंग्लजच्या. इथल्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायच्या आणि उरलेल्या वेळात डॉक्टर व्हायचा अभ्यास करायच्या. सुई टोचणारा डॉक्टर नव्हे, नावापुढं लावायचा. मी चौथी शिकलेली, मला हा फरक कळायला वर्ष गेलं. तोवर मी माझा गुडघा त्यांना दाखवून घेतला होता. त्यांनी तो दाबून, वाकवून नीट बघितला आणि "शेक द्या अक्का" म्हणून सांगितलं. पुढं खरं कळल्यावर मी भांडायला गेले. तर म्हणाल्या, "बरा झाला न्हाई का?" बरा झाला होता. मग काय भांडणार?

खाली आमचं चटणी कांडप, शाहूपुरीत. उन्हाळ्यात मिरचीचे दिवस आले की सकाळपासून डंक चालू. वरून दांडे पडतात, खाली उखळात मिरची कुटली जाते आणि जिन्यात तिखट असं भरतं की माणूस शिंकत वर जातो आणि रडत खाली येतो. आधीचे भाडेकरू याच कारणानं सोडून गेले. मॅडमनी हेल्मेट आणलं. काच खाली ओढायची आणि जिना चढायचा. वर गेल्यावर काढायचं. त्यांच्याकडं गाडी नव्हती, सायकलही नव्हती. हेल्मेट नुसतं आमच्या जिन्यासाठी. नवीन गिऱ्हाईक बायका दचकायच्या. एकीनं मला हळूच विचारलं, "मावशी, वर कोण पोलीस ऱ्हातोय काय?" मी व्हय म्हटलं. त्या बाईनं नंतर कधी भावात घासाघीस केली नाही.

एकदा मी त्यांना विचारलं, "दिवसभर कॉलेजात करता तरी काय?"

त्या डंकासमोर पोत्यावर बसल्या, हेल्मेटची काच वर केली. "अक्का, गच्चीवर उन्हाची वीज करायच्या काळ्या पाट्या बसवतात की नाही? त्या जड. आम्ही प्लॅस्टिकची करतोय. काचेवर शाईसारखा पातळ लेप द्यायचा, झाली. पण लेप इतका पातळ असतोय की ऊन त्यातनं सरळ पलीकडं निघून जातंय. थांबतच न्हाई."

"मग लेप जाड द्या की."

"जाड दिला तर वीज आतल्या आत मरती. बाहेर येत न्हाई."

"मग?"

"मग त्यात सोनं घालायचं."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. सोन्याचे कण इतके बारीक करायचे की डोळ्यालाच काय, शाळेतल्या भिंगालाही दिसायचे नाहीत. असं सोनं पाण्यात असलं की पाणी लाल दिसतं. मी म्हटलं, सोनं पिवळं असतं हे चौथीपर्यंत शिकलेल्या बाईलाही माहीत आहे. त्या म्हणाल्या, "पिवळं असतंय ते ढीगभर असलं की. सुटं सुटं केलं की लाल." मग माझ्या हातातल्या काठीकडं बोट केलं. "ही कशाला घालता उखळात?"

"मिरची उडून कडंला बसती. ती परत डंकाखाली लोटाय."

"झालं तर. माझं सोनं म्हणजे तुमची काठी. ऊन निसटाय लागलं की त्याला परत आत लोटतंय."

हे मला पटलं. मी विचारलं, मग दहा काठ्या घातल्या तर? "तर डंक मिरची सोडून काठ्याच कुटतोय," त्या म्हणाल्या. "चिमूट लागती अक्का, मूठ न्हाई."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. भाजीतल्या मिठाला, पाहुण्यांच्या कौतुकाला, माझ्या शिव्यांना, सगळ्याला तेच. मालक एकदा त्यांच्यासमोर आपल्या तरुणपणच्या कुस्तीच्या गोष्टी सांगायला बसले. थोडा वेळ ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, "काका, चिमूट." मालक गप्प झाले. लग्न झाल्यापासून मला जे जमलं नव्हतं ते त्यांनी एका शब्दात केलं. मी त्या दिवशी त्यांना वर गरम भाकरी पाठवली.

आता हे सोनं आणायचं कुठून? कॉलेजकडून येणारं सामान येता येत नव्हतं. कागद इकडून तिकडं जायचे आणि तिकडून इकडं यायचे. मॅडमकडं आईनं लग्नासाठी दिलेली बोरमाळ होती. त्यांनी तिचा एक मणी काढला आणि गुजरीतल्या सोनाराकडं गेल्या. आतली लाख काढून, आटवून, चोख करून घेतला आणि कॉलेजात नेऊन तेजाबात विरघळवला. मग दुसरा. मण्याएवढ्या सोन्यात बादलीभर लाल पाणी होतं, पण ते प्रत्येक वेळी साधेलच असं नाही. कधी कण मोठे व्हायचे, कधी भांड्याला चिकटायचे. अशी ती माळ चालली. गळ्यात माळ तोकडी दिसू नये म्हणून त्यांनी मधे मधे पितळेचे मणी ओवले. दिवाळीला गडहिंग्लजला जाताना तीच घालून जायच्या, पदर वर ओढून.

गल्लीत हे कळायला वेळ लागला नाही. वरची बाई सोनं पाण्यात घालती, एवढं एकीला कळलं. बाकीच्यांनी त्यात भर घातली. एक दिवस दारात झारेकरीण उभी. या बायका गुजरीतल्या गटाराचा गाळ धुऊन त्यातला सोन्याचा चुरा काढतात. पाटी, झाडू, सगळं घेऊन आलेली. म्हणाली, "आक्का, तुमची मोरी मला द्या."

मी म्हटलं, "ने की. घासून स्वच्छ करून जा म्हणजे झालं."

तिनं आमच्या मोरीचा सगळा गाळ उपसला. पुढचं मागचं गटार मोकळं झालं. निघालं काय, तर मिरचीचं बी. ते धुताना ती अशी शिंकायला लागली की पाटी सोडून रस्त्यावर जाऊन उभी राहिली. मॅडम वरून बघत होत्या. त्यांनी खाली येऊन तिला चहा दिला आणि सांगितलं, मावशी, सोनं घरी नसतंय, सगळं कॉलेजात. ती म्हणाली, "मग कॉलेजाची मोरी कुठं हाय?" मॅडमनी तिला पत्ता दिला. खरोखर दिला! ती गेली का, ते मला माहीत नाही. पण आमचं गटार त्या वर्षी तुंबलं नाही.

मग एकदा मॅडमची आई आली, डोळे तपासायला. मॅडम तिला अव्वा म्हणायच्या. अव्वाला दिसायचं कमी, पण हाताला सगळं कळायचं. लेकीच्या गळ्यातली माळ तिनं तळहातावर घेतली, जोखली, नाकाजवळ नेली.

"सुनंदा, पितळ कधीपासून घालाय लागलीस?"

मॅडमनी एक शब्द खोटा सांगितला नाही. वर जाऊन बोटाएवढी काच आणली आणि आईच्या हातावर ठेवली. "अव्वा, ह्यात हाय."

अव्वानं काच उजेडाकडं धरली, उलटी केली, सुलटी केली. "दारुडा नवरा मिळून त्यानं विकलं असतं, तर निदान कुठल्या दुकानात हाय ते तरी कळलं असतं," ती म्हणाली. मला हसू आवरेना, म्हणून मी डंक चालू केला. पण अव्वाचं पुढचं बोलणं त्यावरूनही ऐकू आलं. शेवटचा एक मणी राहिला होता. त्यात डॉक्टरकीची परीक्षा पास झाली तर ठीक. नाही झाली तर नोकरी सोडून गडहिंग्लजला यायचं आणि आई दाखवेल त्याच्याशी लग्न करायचं.

"कबूल," मॅडम म्हणाल्या.

ही थट्टा नव्हती. मॅडम शब्दाच्या पक्क्या होत्या, आई त्याहून पक्की. परीक्षा अशी होती: परीक्षकांपुढं दोन काचा करायच्या, एक बिनसोन्याची, एक सोन्याची. सोन्याच्या काचेनं जास्त वीज दिली पाहिजे. काचा आधी करून ठेवता येत नव्हत्या, कारण त्या लवकर शिळ्या होऊन मरायच्या. पण लाल पाणी आधी करून ठेवता यायचं. शेवटच्या मण्याचं पाणी साधलं, एकदम फक्कड लाल. परीक्षा सोमवारी. आणि शनिवारी कॉलेजातला फ्रिज बंद पडला.

म्हणून ती बाटली चांदीच्या कागदात गुंडाळून माझ्या फ्रिजमध्ये आली. "अक्का, कुणाला हात लावू देऊ नका." मी मागच्या बाजूला ठेवली. मालकांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर शनिवारीच प्याले असते. त्यांना साखरेचा आजार आणि गोडाची आवड. त्यामुळं माझ्या माहेरचं, मलकापूरचं कोकम आलं की मी बाटली अशीच कागदात गुंडाळून मागं लपवत असे. मालकांना एवढंच माहीत होतं की आमच्या घरात गुंडाळून ठेवलेलं ते सगळं चांगलं असतं.

अव्वाही थांबणाऱ्यातली नव्हती. सोमवार उजाडायच्या आतच, रविवारी दुपारी तिनं पाहुणे पाठवले. मुलगा आणि त्याचे मामा. पाहुण्याला कोरडं परत न पाठवण्याची आमच्या घरची रीत. मी खाली गिऱ्हाइकाची मिरची घेऊन अडकलेली. मालकांनी फ्रिज उघडला, कागद सोडला, वास घेतला. वास नव्हता. चव नसेल म्हणून साखर घातली, मीठ घातलं, जिऱ्याची पूड घातली. जगात सगळी बाटली ओतली आणि घाईनं हलवून पहिला ग्लास वडीलधाऱ्याच्या हातात दिला.

डंक थांबवून मी आत आले तेव्हा मॅडम जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या होत्या.

"मीच घातलं मीठ," मालक म्हणाले. "कमी झालं काय?"

"काका, सोन्याचे कण पाण्यात एकमेकांपासून लांब ऱ्हातात," मॅडम एखाद्या वर्गाला सांगावं तसं सांगायला लागल्या. "मीठ पडलं की सगळे गोळा होऊन चिकटतात. म्हणून निळं झालं. आता ते परत सुटं होत न्हाई." मग त्यांना एकदम मामा दिसले. उभ्या राहिल्या. "मामा, तुम्ही किती प्यालात?"

"निम्मा. काय होतं त्यात?"

"सोनं."

मामांनी उरलेल्या ग्लासाकडं बघितलं. "मग आधी सांगायचं की. दमानं प्यालो असतो."

मॅडम म्हणाल्या, विष नाही, पण प्यायचीही वस्तू नाही, दवाखान्यात जायचं. मामा म्हणाले, मला काही झालेलं नाही. "मला झालंय," मॅडम म्हणाल्या. "चला." तशाच, अर्ध्या पिना लावलेल्या साडीत, त्यांनी मामांना रिक्षात घातलं. मुलगा मागोमाग. मीही बसले. मालकांना मी घरी ठेवलं, फ्रिजपासून लांब बसायला सांगून.

डॉक्टर पोरगेलासा होता. काय प्यायले, असं विचारून लिहायला लागला. मॅडमनी सगळं सरळ सांगितलं. तो लिहिता लिहिता थांबला.

"सोनं?"

"चिमटीपेक्षा कमी."

"पण का?"

"पाहुणचार, डॉक्टर," मामा म्हणाले.

रक्त घेतलं, नाडी बघितली आणि संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. आम्ही चौघं एका बाकावर. मामांनी मॅडमना विचारलं, सोनं कुणाचं? मॅडमनी माळेचं, अव्वाचं, सोमवारचं, सगळं सांगितलं. रडून नव्हे, बातमी सांगावी तसं.

"म्हणजे तुझं लग्नातलं सोनं मी प्यालो."

"शेवटचं."

"आणि परीक्षा?"

"ती पण त्यातच हुती."

मुलानं तोपर्यंत तोंड उघडलं नव्हतं. आता उघडलं. "मामा, मग लग्नाचं कसं?"

"गप बस," मामा म्हणाले. "हिचं सोनं पिऊन वर हिलाच घरात न्यायची? माणसं हाय का कोण आपण?"

मग ते बोटातली अंगठी ओढायला लागले. अंगठी जुनी, बोट जाड, निघेना. त्यांनी नर्सला हाक मारली, "बाई, साबण हाय काय?" साबण आला. हात फेसानं भरला. मुलगा मनगट धरून, मामा अंगठी धरून, दोघं दोन बाजूंना. लोक बघायला जमले. डॉक्टर धावत आला, त्याला वाटलं सोनं अंगावर आलं. शेवटी सुटली. मामांनी ती फेसासकट मॅडमच्या हातावर ठेवली.

"विरघळीव."

मॅडमनी अंगठी पदराला पुसली. त्यांचा चेहरा त्या दिवसात पहिल्यांदा वाकडा झाला, पण क्षणभरच. "जास्त होतंय मामा," त्या म्हणाल्या. "चिमूट पुरती."

"मग उरलेली परत आण. पण हुंडा म्हणून नको आणू," मामा म्हणाले आणि स्वतःच मोठ्यानं हसले.

सोमवारची परीक्षा पुढं ढकलली. कारण काय सांगितलं ते मॅडमनी मला सांगितलं: खरं तेच. त्यांच्या सरांचा विश्वास बसला नाही, मग दवाखान्याचा कागद दाखवला. सोनारानं अंगठीतला एक बारका तुकडा कापून, आटवून, चोख करून दिला आणि अंगठी परत सांधली. पाणी पुन्हा लाल झालं. या वेळी त्या बाटलीवर मालकांनी स्वतः पहारा दिला, कॉलेजात जाऊन, बाकावर बसून. परीक्षकांनी विचारलं, हे कोण? मॅडम म्हणाल्या, "मिठाचा धोका."

सोन्याच्या काचेनं जास्त वीज दिली. मी विचारलं, किती जास्त? "जराशी," मॅडम म्हणाल्या. मी म्हटलं, एवढ्यासाठी सगळी माळ घातली? "व्हय," म्हणाल्या. अव्वानंही आपला शब्द पाळला. नंतर कधी लग्नाचं काढलं नाही, फक्त फोनवर मला विचारायची, "गळ्यात काय घालती आता?" मी सांगायची, काही नाही. ती म्हणायची, बरं झालं, पितळेनं अंग काळं पडतं.

मामा एकदा आपलं सोनं कुठं गेलं ते बघायला आले. मॅडमनी आमच्या पायरीवर उन्हात काचेच्या पट्ट्या जोडून मांडल्या, त्यांना खेळण्यातला चिमुकला पंखा लावला. नुकत्याच जिना उतरून आल्या होत्या, हेल्मेट डोक्यावरच. पंखा फिरायला लागला. मामा वाकून वाकून बघत होते आणि ते वाकले की पंखा थांबायचा.

"बंद पडलं की गं!"

"मामा, सावली काढा."

मामा मागं सरले. पंखा फिरला. पुन्हा वाकले, पुन्हा थांबला. "ह्यात माझी अंगठी कुठाय?" मॅडम म्हणाल्या, "तुमच्या टोपीखाली." असं दोघांचं चाललेलं. सांधलेली अंगठी आता फक्त करंगळीत बसायची. हेल्मेटच्या काचेआड मॅडम हसत होत्या, एवढं मला दिसलं, कारण डोळे बारीक झाले होते. त्या पट्ट्या महिन्याभरात मेल्या. मॅडम आधीच म्हणाल्या होत्या की मरतील.

पुढं त्यांना लांबच्या गावी मोठी नोकरी लागली. सामान गेलं, हेल्मेट मागं राहिलं. तिथं एका पावसाळ्यात ताप आला आणि आठवड्यात संपल्या. गल्लीत काहीजणी म्हणाल्या की रसायनांनी गेल्या. रसायनांनी नव्हे. डासांनी गेल्या.

मी मामांना कळवलं नव्हतं. अव्वानं कळवलं असावं. ते एसटीनं आले, काठी टेकत आत आले आणि खुर्चीवर बसले. मी पाणी आणायला उठले.

"कोकम हाय?" त्यांनी विचारलं.

"हाय."

"दे."

मी ग्लास दिला. त्यांनी तो उजेडाकडं धरला आणि बराच वेळ रंगाकडं बघत राहिले. तो लालच राहिला. मग एका दमात प्यायले आणि ग्लास खाली ठेवला.

"ह्यात काय न्हाई," म्हणाले आणि उठले.

ते सोनं प्यालेले मामा अजून जिवंत आहेत. त्यात मीठ घातलेले आमचे मालकही आहेत. मॅडम नाहीत.